गठ्ठ्यातला चारा आणि कुट्टीचे पाते

कुट्टी यंत्राचे पाते किती जाड, चाक किती जड आणि मोटर किती अश्वशक्तीची असावी, हे त्यात पडणाऱ्या चाऱ्यावरून ठरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात, हा चारा अनेक प्रकारचा आहे: ज्वारीचा कडबा, मक्याचे धांडे, गव्हाचे काड, सोयाबीन-तुरीचे कुटार. कुटार मळणीतच बारीक होते, त्याला कुट्टी लागत नाही. गवळाऊ गुरांच्या या मुलखात कडब्याची पेंढी हीच जुनी बांधणी. काड आणि धांडे मात्र ट्रॅक्टरमागच्या बेलरने गठ्ठ्यात बांधता येतात.

पेंढीत ताटे समांतर असतात. बुडखे पुढे करून ती सरकवली की पात्याखाली आडवी कापली जातात. चौकोनी गठ्ठ्यात दट्ट्याच्या प्रत्येक ठोक्याला एक थर दाबला जातो आणि थरातले काड वेडेवाकडे गुंतलेले असते. म्हणून पेंढीसाठी केलेल्या अरुंद तोंडात गठ्ठा घालणे चूक आहे. आधी थर सोडवावे लागतात. दोरी कापताच गठ्ठा फुगतो, त्यासाठीही जागा ठेवावी लागते.

घनता काढायला वजनकाटा आणि फीत पुरते. ९० सेंमी लांब, ४६ सेंमी रुंद, ३६ सेंमी उंच आणि १५ किलो वजनाच्या गठ्ठ्याची घनता घनमीटरला सुमारे १०० किलो येते. सुट्या काडाची याहून बरीच कमी असते. थर जितका दाट, तितका पात्याचा जास्त जोर आधी दाबण्यात आणि मग कापण्यात जातो. मोटरची निवड करताना हा पहिला भाग विसरला, तर यंत्र पहिल्याच भरगच्च थरात अडते.

ओलावा हा सगळ्यांत महत्त्वाचा गुण. नमुना १०३ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून घटलेल्या वजनावरून तो काढतात. मे महिन्यातले काड कडक असते, तुटते आणि धूळ उडवते. श्रावणात तेच दमट होऊन वातड बनते. तंतू तुटायच्या आधी वाकतात, पात्यात ओढले जातात. यंत्राची ताकद उन्हाळ्यातल्या चाऱ्यावर मोजणे म्हणजे शेतकऱ्याला पावसाळ्यात अडचणीत टाकणे. तपासणी दोन्ही ऋतूंत व्हायलाच हवी. ओलावा २० टक्क्यांवर असताना गठ्ठा बांधला तर तो आतून तापतो, बुरशी धरतो. असा चारा कुट्टीत घालूच नये.

फिरते आणि स्थिर पाते यांतली फट जेमतेम कागदाएवढी असावी. ती वाढली की वातड काड कापले न जाता मुडपते. पात्याला बाक दिला की सगळी रुंदी एकदम न कापता क्रमाक्रमाने कापली जाते आणि झटका कमी बसतो. उरलेला झटका जड चाक पेलते.

तुकड्याची लांबी हिशेबाने ठरते. चारा मिनिटाला १२ मीटर सरकत असेल आणि दोन पात्यांचे चाक ३०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६०० काप होतात, म्हणजे २० मिलिमीटरचा तुकडा. चारा आत ओढणारे रूळ घसरले की हा हिशेब बिघडतो. म्हणून चारा आणि लोखंड यांतले घर्षणही मोजावे लागते. गुळगुळीत रुळाऐवजी दातेरी रूळ त्यासाठीच.

गठ्ठ्याबरोबर काळी माती आणि खडे येतात, त्यांनी धार बोथट होते. नायलॉनची दोरी आसाला गुंडाळते आणि तिचे तुकडे गुरांच्या पोटात जातात. ती कापून मोजून बाजूला ठेवल्याशिवाय गठ्ठा यंत्राजवळ नेऊ नये.