पराभवानंतरचे कामकाज

निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराच्या राजकीय भवितव्याची चर्चा वर्षानुवर्षे चालत असली, तरी त्याच्यापुढचे कायदेशीर कामकाज दीड महिन्यात मार्गी लागते. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि सबळ कारणाशिवाय तो न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निकालाला आव्हान द्यायचे असल्यास ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. अनामत रकमेचा निवाडा तर मतांच्या बेरजेनेच होतो, कारण एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते.

अनामतीच्या या हिशेबाची मर्यादा सोलापूर या अनुसूचित जातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये उघड झाली. भाजपचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांनी काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदे यांचा सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी पराभव केला आणि तिसऱ्या क्रमांकावरील प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. त्यांची मते विजयी मताधिक्यापेक्षा जास्त होती, म्हणजे लढतीचे पारडे फिरवण्याइतकी होती, तरीही एक-षष्ठांशाच्या खाली राहिल्याने कायद्याच्या लेखी ती अनामत गमावणारी ठरली.

शिंदे त्याआधी, केंद्रीय गृहमंत्री असताना, २०१४ मध्येही शरद बनसोडे यांच्याकडून हरले होते. मात्र दोन्ही वेळा कन्या प्रणिती यांची सोलापूर शहर मध्यची आमदारकी घरात होती आणि त्या आधारावर २०२४ मध्ये त्याच लोकसभा मतदारसंघात प्रणिती यांनी भाजपच्या राम सातपुते यांना हरवले. वारशाऐवजी संस्थेचा आधारही पराभूताला तारतो: सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी हरले, परंतु सहकारी सूतगिरणी आणि गावोगावचा संपर्क शाबूत राहिल्याने १९९९ मध्ये ते पुन्हा विधानसभेत पोहोचले.

२०२४ मध्ये लोकसभेत हरलेले सातपुते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माळशिरस विधानसभेतही उत्तमराव जानकरांकडून पराभूत झाले आणि तेथे नेहमीचा क्रम उलटला. मतदान यंत्रांविषयीची तक्रार सहसा हरलेल्या बाजूकडून येते. येथे मतदारसंघातील मारकडवाडी गावात सातपुते यांना जास्त मते दिसली म्हणून विजयी जानकरांच्याच समर्थकांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकांवर फेरमतदान घेण्याचे ठरवले. अशा मतदानाला कायद्यात कोणतेच स्थान नव्हते. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस बंदोबस्त वाढवला आणि गुन्हे नोंदवण्याचा इशारा मिळाल्यावर ग्रामस्थांनी ते थांबवले.