विद्युत मोटारीचा प्रवास आणि चार्जिंग केंद्राचा शोध

विजेवर चालणारी मोटार विकत घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबात किंमत आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे वाटेत चार्जिंग संपले तर काय? शहरातल्या रोजच्या वापरासाठी हा प्रश्न फारसा अडचणीचा ठरत नाही. रात्री घरी मोटार चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवसाची सोय होते. मात्र ज्यांच्या इमारतीत वाहनतळाची स्वतंत्र जागा नाही, जे मोटार भाड्याने चालवून पोट भरतात किंवा ज्यांना गावोगाव फिरावे लागते, त्यांचा सारा भरवसा सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर असतो. विद्युत वाहनांचा प्रसार समाजाच्या सर्व थरांत व्हायचा असेल तर अशी केंद्रे उभी राहणे जितके आवश्यक आहे, तितकेच ती वाहनचालकाला वेळेवर सापडणेही आवश्यक आहे.

पेट्रोल पंप आणि चार्जिंग केंद्र

पेट्रोल पंपाचा फलक दुरून दिसतो, तेथे कर्मचारी हजर असतो आणि कोणत्याही कंपनीच्या मोटारीत पाच मिनिटांत इंधन भरता येते. चार्जिंग केंद्राची गोष्ट वेगळी आहे. ते बहुधा एखाद्या उपाहारगृहाच्या मागे, व्यापारी संकुलाच्या तळघरात किंवा पेट्रोल पंपाच्याच एका कोपऱ्यात असते. अनेक ठिकाणी तेथे माणूस नसतो आणि सारा व्यवहार भ्रमणध्वनीवरून करावा लागतो. त्यामुळे केंद्र शोधताना ‘ते कोठे आहे’ एवढेच कळून भागत नाही. आपल्या मोटारीला बसणारा प्लग तेथे आहे काय, त्याची शक्ती किती आणि तो या क्षणी चालू व मोकळा आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरेही मिळावी लागतात.

यांपैकी पहिला प्रश्न प्लगचा. आपल्या देशात आरंभीच्या काळात ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ हे कमी शक्तीचे चार्जर बसविण्यात आले. पुढे बाजारात आलेल्या बहुतेक खासगी मोटारींनी प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहासाठी (एसी) ‘टाइप-२’ आणि जलद चार्जिंगच्या एकदिश प्रवाहासाठी (डीसी) ‘सीसीएस-२’ ही जोडणी स्वीकारली. परिणामी काही जुनी केंद्रे नकाशावर दिसत असली तरी नव्या मोटारीच्या उपयोगाची नसतात. दिल्ली-चंदीगड महामार्गावर ‘फेम’ योजनेखाली भारत हेवी इलेक्ट्रिकल्स लिमिटेडने (भेल) सौरऊर्जेवर आधारित केंद्रांची साखळी उभारली. त्यातील कर्नालजवळच्या कर्णा लेक येथील केंद्राचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. सर्व प्रकारच्या मोटारींची सोय व्हावी म्हणून या मार्गावरील चार्जर अद्ययावत करण्याचे त्याच वेळी जाहीर करण्यात आले होते. वाहनाचे तंत्र बदलले की केंद्रालाही बदलावे लागते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

दुसरा प्रश्न शक्तीचा. समजा, मोटारीच्या बॅटरीची क्षमता ४० युनिट (किलोवॅट-तास) आहे आणि ती २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरावयाची आहे. याचा अर्थ २४ युनिट वीज लागेल. घरगुती १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३.३ किलोवॅट शक्ती मिळते. त्यावर या कामास सात तासांहून अधिक वेळ लागतो. ७.२ किलोवॅटच्या एसी चार्जरवर साधारण साडेतीन तास पुरतात, तर ६० किलोवॅटच्या डीसी चार्जरवर अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात काम होते. अर्थात चार्जर मोठा असला तरी मोटार आपल्या मर्यादेपेक्षा अधिक शक्ती घेत नाही. एकाच यंत्राला दोन गन असतील तर दोन मोटारी लागताच शक्ती अनेकदा विभागली जाते. शिवाय बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर चार्जिंगचा वेग मंदावतो. म्हणून लांबच्या प्रवासात एकाच ठिकाणी बॅटरी पूर्ण भरत बसण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडी थोडी भरणे सोयीचे ठरते.

धोरणाची वाटचाल

वीज कायदा, २००३ नुसार वीजविक्रीस परवाना लागतो. त्यामुळे खासगी व्यक्तीला चार्जिंग केंद्र चालविता येईल काय, अशी शंका होती. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये खुलासा केला, की वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. या एका खुलाशाने पेट्रोल पंपचालकापासून ढाबाचालकापर्यंत सर्वांना या क्षेत्रात उतरण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि नंतर ती वेळोवेळी सुधारण्यात आली. जानेवारी २०२२ च्या तत्त्वांनुसार शहरात तीन किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरवर एक केंद्र अपेक्षित होते. सप्टेंबर २०२४ च्या तत्त्वांनी हे उद्दिष्ट अधिक उंचावले. त्यांनुसार २०३० पर्यंत शहरी भागात एक किलोमीटरच्या चौकटीत एक केंद्र असावे, तर महामार्गावर दर २० किलोमीटरला दोन्ही बाजूंस केंद्र असावे, असे ठरले.

उभारणीला आर्थिक बळही मिळाले. अवजड उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये तीन सार्वजनिक तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या ‘पीएम ई-ड्राईव्ह’ या १०,९०० कोटी रुपयांच्या योजनेत २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आले. देशातील केंद्रांची संख्या फेब्रुवारी २०२४ च्या आरंभी १२,१४६ होती, ती डिसेंबर २०२४ पर्यंत २५,२०२ झाली. त्यांत कर्नाटकात ५,७६५ आणि महाराष्ट्रात ३,७२८ केंद्रे होती. म्हणजे या दोन राज्यांतच देशातील एकतृतीयांशाहून अधिक केंद्रे होती. राष्ट्रीय सरासरीवर विसंबून दूरच्या राज्यात निघालेल्या प्रवाशाने ही विषमता लक्षात ठेवावयास हवी.

माहिती कोठे मिळते?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) विकसित केलेल्या ‘ईव्ही यात्रा’ या संकेतस्थळाचे आणि भ्रमणध्वनी ॲपचे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते १४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, लोकार्पण झाले. जवळच्या सार्वजनिक चार्जरपर्यंत वाहनचालकाला पोहोचविणे हा त्याचा हेतू आहे. राज्य पातळीवर कर्नाटकात बेस्कॉमचे ‘ईव्ही मित्र’ आणि महाराष्ट्रात महावितरणचे ‘पॉवरअप’ अशी ॲप तयार करण्यात आली. याखेरीज चार्जिंग कंपन्यांची, तेल कंपन्यांची आणि मोटार उत्पादकांची स्वतःची ॲप आहेत.

साधने अनेक असल्यामुळे थोडी पूर्वतयारी उपयोगी पडते. निघण्यापूर्वी मार्गावरील प्रमुख कंपन्यांच्या ॲपमध्ये नोंदणी करून ठेवावी. भ्रमणध्वनीला रेंज नसलेल्या ठिकाणी ही नोंदणी करणे जिकिरीचे होते. केंद्र निवडताना आपल्या प्लगचा प्रकार व शक्ती यांनुसार यादी गाळून घ्यावी. तेथे अलीकडे कोणी चार्जिंग केले आहे काय, वापरकर्त्यांचे अभिप्राय काय आहेत, हे पाहावे. केंद्र रात्री उघडे असते काय, वाहनतळाचे वेगळे शुल्क आहे काय, विक्रेत्याच्या आवारातील केंद्रावर इतर कंपन्यांच्या मोटारींना प्रवेश मिळतो काय, हे दूरध्वनी करून विचारून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक थांब्यासाठी एक पर्यायी केंद्र ठरवावे आणि पहिल्या केंद्रावर पोहोचताना त्या पर्यायापर्यंत जाण्याइतकी वीज शिल्लक राहील, असा हिशेब ठेवावा. घाटाच्या चढणीवर आणि भरधाव वेगात वीज अधिक खर्च होते, हेही या हिशेबात धरावे.

उरलेले काम

ही सावधगिरी हौशी प्रवाशाला जमते. परंतु दिवसाच्या फेऱ्यांवर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, अशा टॅक्सीचालकाला बंद चार्जरपर्यंतची फेरी म्हणजे बुडालेली कमाई असते. २०२२ च्या तत्त्वांनुसार सार्वजनिक केंद्रांनी आपले ठिकाण, चार्जरचे प्रकार, उपलब्धता आणि शुल्क यांची माहिती ऑनलाइन देणे अपेक्षित होते. तत्त्व योग्यच आहे. कस लागतो तो ही माहिती क्षणोक्षणी खरी राखण्यात. युरोपीय संघात १३ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमावलीत चार्जर चालू आहे की बंद, मोकळा आहे की व्यग्र, ही माहिती चालकांनी विनामूल्य खुली करण्याची तरतूद आहे. आपल्याकडेही त्या दिशेने पाऊल पडले आहे. जागेची आगाऊ नोंदणी, शुल्काचा भरणा आणि चार्जरची सद्यःस्थिती या गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात यासाठी एकात्मिक ॲप विकसित करण्याचे काम भेलकडे सोपविण्याचा विचार असल्याचे मे २०२५ मध्ये जाहीर झाले.

या प्रयत्नाला फळ यावयाचे असेल तर अनुदानाचा काही भाग केंद्र प्रत्यक्ष चालू राहण्याशी जोडणे, बिघाड झाल्यास त्याची नोंद आपोआप राष्ट्रीय नकाशावर उमटणे आणि महामार्गावर पेट्रोल पंपाप्रमाणेच चार्जिंग केंद्राचेही ठळक दिशाफलक लावणे, या गोष्टी उपयुक्त ठरतील. त्यांना लागणारा खर्च नवीन केंद्र उभारण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आहे. उभारलेल्या केंद्रांच्या आकड्याइतकेच महत्त्व, चालकाने नकाशावर पाहिलेले केंद्र तेथे पोहोचल्यावर खरोखर चालू सापडते काय, या कसोटीलाही दिले पाहिजे. ज्या दिवशी नागपूरचा टॅक्सीचालक पर्यायी केंद्राचा हिशेब न मांडता भाडे घेऊन परगावी निघेल, त्या दिवशी विद्युत वाहन सर्वसामान्यांचे झाले असे म्हणता येईल.