ठाणे जिल्ह्यातील थंडीची लाट

ठाणे जिल्ह्यातील थंडीची लाट म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांमुळे ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाड आणि शहापूर या भागांतील किमान तापमानात अचानक होणारी मोठी घट होय. ही स्थिती बहुधा दोन ते पाच दिवस टिकते. कोकण किनारपट्टीलगतच्या या भागात हिमवर्षाव होत नाही. तरीही ज्या वाऱ्यांमुळे येथे हुडहुडी भरते, त्यांचा उगम काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडात बर्फ पाडणाऱ्या हवामान प्रणालींशी जोडलेला असतो.

व्याख्या

बोलीभाषेत थंडी वाढली की ‘लाट आली’ असे म्हटले जात असले, तरी भारतीय हवामान विभागाने या संज्ञेचे निकष ठरवून दिले आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी असावे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली असावे, तेव्हा थंडीची लाट मानली जाते. ही तफावत ६.४ अंशांहून अधिक असल्यास लाट तीव्र ठरते. सरासरी काहीही असली तरी तापमान ४ अंशांपर्यंत उतरल्यास लाट आणि २ अंशांपर्यंत उतरल्यास तीव्र लाट समजतात.

समुद्राच्या सान्निध्यामुळे किनारपट्टीवर १० अंशांचा टप्पा क्वचितच गाठला जातो. म्हणून तेथे किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी, असा निराळा निकष वापरतात. सांताक्रूझ येथील जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश आहे. त्यामुळे तेथे पारा साधारण १२.५ अंशांपर्यंत आला की हा निकष पूर्ण होतो. नाशिक वा निफाडच्या रहिवाशाला हा आकडा सौम्य वाटेल. परंतु दमट व उष्ण हवेची सवय असलेल्या शरीराला आणि त्याच हवेसाठी बांधलेल्या घरांना तो पुरेसा बोचरा असतो.

थंडी कशी येते

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिमालयाला अडल्यावर त्यांतील बाष्प पर्वतरांगांवर बर्फाच्या रूपाने पडते. विक्षोभ पुढे सरकल्यानंतर त्याच्या पिछाडीस वायव्येकडून थंड, कोरडी हवा मैदानात उतरते. ती राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेश ओलांडून तापीच्या खोऱ्यात शिरते. त्यामुळे महाराष्ट्रात थंडीचा पहिला तडाखा सहसा धुळे, जळगाव, नाशिक आणि विदर्भाला बसतो. ठाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिचा जोर बराच ओसरलेला असतो.

उत्तरेकडून आलेला वारा हे ठाण्यातील थंडीचे निम्मेच कारण होय. उरलेले निम्मे स्थानिक आहे. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीतील उष्णता प्रारणाद्वारे अवकाशात निघून जाते. बाष्प किंवा ढग असते तर त्यांनी ती काही प्रमाणात अडवून परत पाठवली असती. कोरड्या हवेत ते पांघरूण नसते. वारा पडलेला असल्यास जमिनीलगतचा थर सर्वाधिक थंड होतो. किमान तापमानाची नोंद मध्यरात्री न होता सूर्योदयाच्या सुमारास होते, ती यामुळेच.

या बाबतीत जिल्ह्याची भूरचना महत्त्वाची ठरते. ठाणे शहराच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर असून त्यामुळे समुद्री वाऱ्याचा प्रभाव काहीसा मंदावतो, तरी खाडीचे पाणी शहराला थोडी ऊब देते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ५४ किलोमीटरवर असलेले कल्याण आणि सुमारे ६८ किलोमीटरवरील बदलापूर यांना ही ऊब कमी मिळते. बदलापूर व अंबरनाथ उल्हास नदीच्या खोऱ्यात वसले आहेत. रात्री सह्याद्री, माथेरान व मलंगगडाच्या उतारांवर थंड झालेली हवा जड होऊन खाली सरकते आणि खोऱ्यात साचते. परिणामी एकाच पहाटे मुंबईच्या किनारी भागात आणि बदलापुरात कित्येक अंशांचा फरक आढळतो.

उंचावर थंडी अधिक, ही सर्वसामान्य समजूत अशा रात्री उलटी पडते. सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानचे किमान तापमान कधी कधी पायथ्याच्या खोऱ्यापेक्षा जास्त असते. खाली थंड व वर उबदार अशा या रचनेला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात.

नोंदी

सांताक्रूझ वेधशाळेतील आजवरचे नीचांकी किमान तापमान २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सियस नोंदवले गेले. त्याच दिवशी कुलाबा येथे ११.७ अंशांची नोंद झाली. एकाच शहरातील दोन वेधशाळांमधील हा सव्वाचार अंशांहून अधिक फरक समुद्राचा प्रभाव किती अंतरात ओसरतो हे दाखवतो. अलीकडच्या काळात फेब्रुवारी २०१२ मध्ये सांताक्रूझचा पारा ८.८ अंशांपर्यंत, तर १७ जानेवारी २०२० रोजी ११.४ अंशांपर्यंत उतरला होता. ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या थंडीची तुलना करताना बहुधा याच वेधशाळेचे आकडे आधाराला घेतले जातात, कारण तिच्या नोंदी दीर्घकालीन आहेत. अलीकडे स्वयंचलित केंद्रे आणि हौशी निरीक्षकांच्या उपकरणांमुळे अंबरनाथ, बदलापूर, कर्जत येथील आकडेही वृत्तपत्रांत येतात. उपकरण गच्चीवर आहे की मोकळ्या मैदानात, यावर अशा नोंदी पुष्कळ अवलंबून असल्याने त्यांची वेधशाळेच्या आकड्यांशी थेट तुलना करणे योग्य नाही.

घाटावरील आकडे याहून बरेच खाली आहेत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, तर नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश तापमान होते. नाशिक येथे ७ जानेवारी १९४५ रोजी पारा शून्याखाली, उणे ०.६ अंशांवर गेल्याची नोंद आहे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राचे आकडे दर हिवाळ्यात राज्यभर उद्धृत केले जातात.

बर्फ का पडत नाही

जमिनीपर्यंत बर्फ पोहोचण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: ढगांतून पडण्याइतके बाष्प आणि ढगापासून जमिनीपर्यंत शून्याच्या आसपासचे तापमान. महाराष्ट्रात या दोहोंची गाठ पडत नाही. कडाक्याची थंडी असते तेव्हा हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. आणि हिवाळ्यात ढग दाटून पाऊस येतो तेव्हा तेच ढग रात्रीची उष्णता अडवून किमान तापमान वाढवतात. शिवाय शून्य अंशाची पातळी येथे हिवाळ्यातही जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर असते. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर उंच आहे.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ ‘बर्फ पडल्या’च्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. तेथे वरून काही पडत नाही. गवत, स्ट्रॉबेरीची पाने, तलावाकाठच्या फळ्या आणि मोटारींचे टप यांवर जमलेले दव पहाटे गोठते. त्याला दहिवर किंवा हिमकण म्हणतात. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत असतो. तो ४ किंवा ५ अंश दाखवत असतानाही मोकळ्या आकाशाखालील गवताचा पृष्ठभाग शून्यापर्यंत गार होऊ शकतो. म्हणून ‘पारा शून्यावर’ आणि ‘दव गोठले’ ही दोन विधाने समानार्थी नव्हेत.

गारपिटीचे कारण सर्वस्वी वेगळे आहे. गारा उंच वाढलेल्या गडगडाटी ढगांत तयार होतात आणि त्यासाठी जमीन तापलेली असणे अनुकूल ठरते. फेब्रुवारी व मार्च २०१४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीत शेतांवर पांढरे थर साचले होते. काश्मीरसारखे दिसणारे ते दृश्य प्रत्यक्षात रब्बी पिके आणि फळबागांचा विध्वंस होता.

ठाणे परिसरात पांढरा थर दिसला तो मात्र धुळीचा. २३ जानेवारी २०२२ रोजी पश्चिमी विक्षोभाबरोबर पाकिस्तानकडून आलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबई व ठाण्यापर्यंत पोहोचली. मोटारींवर पांढुरकी पूड साचली, दृश्यमानता घटली आणि ऊन न पडल्याने दुपारचे कमाल तापमान २४ अंशांच्या आसपासच राहिले. किमान तापमान फारसे न उतरताही दिवसभर गारठा जाणवण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

जनजीवनावरील परिणाम

ठाणे जिल्ह्यातील घरे उष्णता व पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. घर उबदार ठेवण्याची सोय त्यांत नसते. इमारतींच्या जाड भिंती दिवसाची ऊब काही काळ धरून ठेवतात. पत्र्याचे छप्पर मात्र सूर्यास्तानंतर लगेच गार होते आणि त्याच्या आतल्या बाजूस पहाटे दवाचे थेंब जमतात. त्यामुळे एकाच शहरात, एकाच तापमानात थंडीचा अनुभव घरागणिक बदलतो. रस्त्यावर व रेल्वे स्थानकांच्या परिसरात झोपणारे बेघर, बांधकामांवरील मजूर आणि वीटभट्ट्यांवरील कुटुंबे यांना तिची सर्वाधिक झळ बसते. भिवंडी, कल्याण, शहापूर पट्ट्यातील वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. कामासाठी स्थलांतर केलेली कातकरी कुटुंबे लहान मुलांसह भट्टीजवळच्या झोपड्यांत राहतात. पहाटे अंधारात सुरू होणारे मातीकाम थंड पाण्यात हात घालूनच करावे लागते.

वृद्धांमध्ये आणि अर्भकांमध्ये शरीराचे तापमान टिकवून धरण्याची क्षमता कमी असते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. हृदयविकार व दमा असलेल्यांना त्रास होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे विशेष धोक्याचे आहे. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

व्युत्क्रमणाच्या काळात धूर वर जाऊ शकत नाही. वाहने, बांधकामे, शेकोट्या, डोंबिवली व अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती यांतून निघणारे प्रदूषक झाकण ठेवल्याप्रमाणे खालच्या थरातच कोंडले जातात. सकाळी दिसणाऱ्या धूसर पडद्याला लोक धुके म्हणतात, पण त्यात धुरक्याचा वाटा मोठा असतो. खरे धुके प्रामुख्याने उल्हास व भातसा नद्यांच्या खोऱ्यांत पडते. कर्जत व कसारा मार्गांवर सिग्नल दिसत नसल्याने मोटरमन गाडीचा वेग कमी ठेवतात आणि पहाटेच्या लोकलगाड्या उशिरा धावतात.

शेती आणि आहार

भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आणि दवावर घेतला जाणारा वाल हे ठाणे व रायगड जिल्ह्यांतील हिवाळी पीक आहे. ओल्या शेंगांचा हंगाम आला की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून ते जाळावर भाजतात. या पदार्थाला पोपटी म्हणतात. घाटावरील हुरड्याप्रमाणेच तोही थंडीत उघड्यावर, मंडळी जमवून खाण्याचा पदार्थ आहे.

आंब्याला मोहोर येण्यासाठी थंडी आवश्यक असते, मात्र तिचा अतिरेक हापूसला मानवत नाही. फळधारणा झाल्यावर पुन्हा कडक थंडी पडल्यास झाडाला दुसऱ्यांदा मोहोर फुटतो. या पुनर्मोहोराकडे अन्नरस वळल्याने आधीची लहान फळे गळतात. नाशिककडील द्राक्षबागांत थंडीमुळे मण्यांची वाढ खुंटते व मणी तडकतात. त्यावर उपाय म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकद्वारे पाणी सोडतात. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असल्याने त्याचा उपयोग होतो. जळगावच्या केळीलाही थंडीचा फटका बसतो. उलट गहू व हरभरा या पिकांना हीच थंडी पोषक ठरते.

कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी पशुधनाला अधिक घातक असते. डिसेंबर २०२१ च्या प्रारंभी अवकाळी पाऊस व गार वारा एकत्र आल्याने पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि शेजारच्या पारनेर परिसरात मोठ्या संख्येने मेंढ्या दगावल्या. त्या वेळी पारा विक्रमी खाली गेलेला नव्हता. भिजलेली लोकर ऊब धरत नाही आणि कळप उघड्यावर होते. थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यास पात्र असलेल्या आपत्तींच्या यादीत आहे.

बदलते स्वरूप

शहरीकरणामुळे काँक्रीट व डांबर दिवसा उष्णता साठवतात आणि रात्री ती सावकाश सोडतात. ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या दाट वस्तीत त्यामुळे रात्री पूर्वीइतक्या गार होत नाहीत, तर मुरबाड वा शहापूरच्या मोकळ्या माळावर तोच वारा अधिक बोचतो. मलंगगडाच्या पायथ्याशी किंवा टिटवाळ्याच्या पलीकडे गेल्यावर पहाटे जाणवणारा फरक याच कारणाने पडतो.