विश्लेषण : थायलंडचा ‘गवा’ जगाला पंख कसे विकू लागला?

ट्रकचालकांच्या टॉनिकपासून फॉर्म्युला वनपर्यंत ‘रेड बुल’ची झेप आणि २० रुपयांच्या बाटलीने उभा केलेला प्रश्न

वर्षभरात १२ अब्जांहून अधिक डबे, म्हणजे पृथ्वीवरील प्रत्येक माणसामागे साधारण दीड डबा! ‘रेड बुल’चा २०२४ मधील हा खप. कंपनीची त्या वर्षाची उलाढाल ११ अब्ज युरोंच्या पुढे गेली. डब्यात मात्र असते काय? साधारण एका कप कॉफीइतके कॅफीन, पाच-सहा चमचे साखर, टॉरिन आणि काही ‘ब’ जीवनसत्त्वे. मग एवढे साम्राज्य उभे राहिले कशावर?

मूळ पेय कोणाचे?

मूळ पेय थायलंडचे. औषध व्यवसायातील चालिओ यूविध्या यांनी १९७० च्या दशकात ‘क्रातिंग दाएंग’ नावाचे गोड, बिनफेसाचे टॉनिक बाजारात आणले. छोट्या काचेच्या बाटलीतले हे पेय रात्रपाळीचे कामगार आणि ट्रकचालक जागे राहण्यासाठी घेत. ‘क्रातिंग दाएंग’ म्हणजे तांबडा गवा. इंग्रजी नावात या गव्याचा बैल झाला.

टूथपेस्ट विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी करणारे ऑस्ट्रियाचे डिट्रिश माटेशित्स १९८२ मध्ये थायलंडला गेले होते. लांबच्या विमानप्रवासाचा शीण या पेयाने गेला, असे त्यांना वाटले. दोघांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर घातले आणि १९८४ मध्ये कंपनी स्थापन केली. दोघांचा वाटा ४९-४९ टक्के, उरलेले दोन टक्के चालिओंच्या मुलाचे. पेयात फेस आला, बाटली जाऊन निळा-चंदेरी डबा आला आणि १ एप्रिल १९८७ रोजी ऑस्ट्रियात विक्री सुरू झाली.

विक्रीची युक्ती कोणती?

पहिली युक्ती म्हणजे डबा लहान, किंमत मात्र चढी. महाग आहे म्हणजे यात काहीतरी वेगळे असणार, हा समज आपोआप पसरला. दुसरी युक्ती ग्राहक निवडण्याची. दूरचित्रवाणीवर सर्वांसाठी जाहिरात करत बसण्यापेक्षा महाविद्यालये, पार्ट्या, व्यायामशाळा येथे फुकट डबे वाटले गेले. विद्यार्थ्यांनाच प्रचारक नेमले गेले. मित्राने हातात दिलेला डबा जाहिरातीसारखा वाटत नाही, हे कंपनीने नेमके हेरले.

अफवाही कामी आल्या. टॉरिन बैलाच्या अवयवांतून काढतात, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालली. प्रत्यक्षात पेयातले टॉरिन प्रयोगशाळेत तयार होते. फ्रान्ससारख्या देशाने २००८ पर्यंत या पेयाला दार बंद ठेवले. त्यानेही तरुणांमधले कुतूहल वाढलेच.

खेळांत पैसा कशासाठी?

इतर कंपन्या खेळाडूच्या शर्टावर नाव छापण्यासाठी पैसे मोजतात. रेड बुलने संघच विकत घेतले. डबे भरण्याचे काम प्रामुख्याने राउख या ऑस्ट्रियन कंपनीकडे सोपवले आणि स्वतःचे लक्ष नाव मोठे करण्यावर ठेवले. २००४ मध्ये ‘जॅग्वार’चा फॉर्म्युला वन संघ घेतला, २००५ मध्ये साल्झबर्गचा फुटबॉल क्लब. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात झालेल्या तिन्ही शर्यती सेबॅस्टियन व्हेटेलने रेड बुलच्याच गाडीतून जिंकल्या.

कळस झाला १४ ऑक्टोबर २०१२ रोजी. फेलिक्स बाउमगार्टनरने अमेरिकेत सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी घेतली. यूट्यूबवर ८० लाखांहून अधिक लोक एकाच वेळी ती पाहत होते आणि त्याच्या पोशाखावर होते दोन लाल बैल. त्या बातमीत जाहिरात वेगळी काढणे कोणालाच शक्य नव्हते.

पंख खरेच फुटतात का?

‘रेड बुल पंख देते’ हे घोषवाक्य अमेरिकेत न्यायालयात गेले. कॉफीपेक्षा जास्त तरतरी देणारे यात काही नाही, असा ग्राहकांचा आक्षेप होता. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता १.३ कोटी डॉलरची तडजोड केली. कॅफीन थकवा घालवत नाही, मेंदूला त्याची जाणीव होऊ देत नाही. असर ओसरला की थकवा तिथेच असतो.

भारतात चिंता कशाची?

शंभर रुपयांहून महाग डबा शाळकरी मुलांच्या आवाक्यात नव्हता. पेप्सिकोच्या ‘स्टिंग’ने २० रुपयांच्या प्लास्टिक बाटलीतून हे चित्र पालटले. ऊर्जेचे तेच आश्वासन आता पानटपरीवर आणि किराणा दुकानात मिळते.

भारतीय नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेच्या मते मुलांनी दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये. २५ किलो वजनाच्या मुलाची मर्यादा एका बाटलीतच संपते. वर चहा, कोला, चॉकलेट वेगळे.

लिथुआनियाने २०१४ मध्ये, तर पोलंडने २०२४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास बंदी केली. महाराष्ट्रातही शाळांपासून ५०० मीटरच्या आत विक्रीबंदी करण्याचे आश्वासन जुलै २०२४ मध्ये तत्कालीन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत दिले होते. मात्र कागदावरचा नियम टपरीपर्यंत पोहोचवायला तपासणी लागते.

पालकांनी काय करावे?

बाटली हातात घेऊन तिची मागची बाजू वाचावी. मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफीन न सोसणाऱ्यांनी हे पेय घेऊ नये, ही सूचना छापणे बंधनकारक आहे. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, हेही लिहिलेले असते. पुढच्या बाजूला वीज कडाडत असते, सूचना मात्र मागे बारीक अक्षरांत. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाच्या टेबलावर ही बाटली दिसली, तर ती काढून घेण्याआधी दोघांनी मिळून ती अक्षरे वाचावीत. आणि मग मुलाला झोपू द्यावे.