पाहुण्यांची बाजू

खालच्या गटातल्या फुटबॉलविषयी आपल्याकडे बोलणं निघालं की ते खेळाडू, प्रशिक्षक आणि मैदानावरची हिरवळ यांच्यापाशीच संपतं. दुसऱ्या गावाहून आपल्या संघामागे आलेल्या माणसाला त्यात जागा नसते. माझं म्हणणं असं की मैदानाची पारख त्याच्याच बाजूने करावी. यजमान गावाला आपलं मैदान सवयीने बरंच दिसतं. पाण्याचं पिंप कुठे ठेवलंय, बायकांना जायला आडोसा आहे का, पंचाच्या निर्णयावर मोकळेपणी ओरडता येतं का आणि आपला संघ जिंकला तर निवांत घरी जाता येतं का, हे बाहेरून आलेल्यालाच कळतं.

महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारं गाव म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावं आहेत आणि तीच फुटबॉल संघांचीही. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली पेठ तशीच्या तशी फुटबॉलमागे उभी राहिली. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन तिथली लीग चालवते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण या लीगची एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. तिचे सगळे सामने एकाच शाहू स्टेडियमवर होतात. त्यामुळे तिथे कुणाचंच घरचं मैदान नाही आणि कुणीच पाहुणा नाही. अनोळखी माणसालाही ‘पाव्हणं’ म्हणून हाक मारणाऱ्या या शहरात गॅलरीत मात्र पाहुणा सापडत नाही. तिथे असतात ते शेजारच्या दोन पेठांचे समर्थक, आपापल्या बाजूला बसलेले, मध्ये पोलीस. हुल्लडबाजीमुळे सामना थांबवण्याची वेळ कोल्हापुरावर एकदाच आलेली नाही. याचं खापर नेहमी तरुणांच्या गरम डोक्यावर फोडलं जातं. मला त्याचं एक कारण मैदानाच्या मांडणीतही दिसतं. यजमानपण कुणाकडेच नसलं की समोरच्याची राखण करण्याची जबाबदारीही कुणाची राहत नाही. ती पोलिसांवर पडते, आणि घरी आलेल्या माणसाला पाणी विचारणं हे काही पोलिसांचं काम नव्हे.

गोव्यात चित्र वेगळं आहे. फादर रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोलीत फुटबॉल आणला असं सांगतात. तिथून तो चर्चशेजारच्या मैदानांवर आणि भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत पसरला. गावागावांच्या स्पर्धांत एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या मैदानावर जातात, आणि त्या गावात कुणाची मावशी राहते, कुणाचं सासर असतं. वाद तिथेही होतात, शिव्याही ऐकू येतात. पण आज जो पाहुणा आहे तोच पुढच्या वेळी यजमान असणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. या परतफेडीच्या जाणिवेवर खालच्या पातळीवरचा खेळ तग धरून राहतो. इंग्लंडमधल्या तळाच्या लीगांत कितीतरी मैदानांवर दोन्हीकडचे समर्थक एकाच कठड्याला टेकून उभे असतात आणि मध्यंतरानंतर आपला संघ ज्या गोलकडे चढाई करणार तिकडे चालत जातात. वाटेत एकमेकांना ओलांडावं लागतं, तेवढंच.

यावर सरळ आक्षेप असा की समर्थक बाहेरून येतात म्हणूनच मारामाऱ्या होतात, तेव्हा त्यांना येऊच देऊ नका. हा उपाय अर्जेंटिनाने करून पाहिला आहे. २०१३ मध्ये एका समर्थकाच्या मृत्यूनंतर तिथे पाहुण्या समर्थकांना मैदानाची दारं बंद झाली आणि बंदी वर्षानुवर्षं टिकली. पुढे २०१८ मध्ये रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स यांच्यातल्या कोपा लिबर्टाडोरेसच्या अंतिम लढतीला स्टेडियमात फक्त यजमानांचे लोक होते. त्या दिवशी बोकाच्या खेळाडूंच्या बसवरच हल्ला झाला आणि सामना शेवटी माद्रिदला न्यावा लागला. विश्वचषक आला की ज्या देशाचे झेंडे कोल्हापूरच्या चौकांत लागतात, त्या देशाचा हा अनुभव आपणही ध्यानात ठेवायला हवा. आणि १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ माणसं गेली, ती ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या एकाच शहरातल्या संघांच्या सामन्यात. तिथेही कुणी परगावाहून लढायला आलेलं नव्हतं. प्रवास करून आलेला समर्थक कधीच दंगा करत नाही, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडने तो पुरेपूर भोगला आहे. पण त्याला हाकलून दंगा थांबतो, याला मात्र पुरावा मिळत नाही.

आता आमच्याकडे येऊ. वेळणेश्वरात फुटबॉलची लीग नाही. गुहागर तालुक्याच्या या किनाऱ्यावर कबड्डीचा आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा जोर असतो, शिमग्याच्या आसपास आणि मे महिन्यात मुंबईकर गावी आले की जास्तच. पण पाहुण्या समर्थकाचा प्रश्न इथे कोल्हापूरपेक्षा खरा आहे, कारण इथे माणसं खरोखर प्रवास करून येतात. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. कडेला बसलेल्याला चढाई करणाऱ्याचा श्वास ऐकू येतो आणि त्या खेळाडूलाही कडेची प्रत्येक शिवी ऐकू येते. एवढ्या जवळ लोखंडी जाळी उभारून समर्थक वेगळे करता येत नाहीत. तिथे माइकवर बोलणारा समालोचक पाहुण्या वाडीचं नाव कोणत्या सुरात घेतो, यावर पुढचा अर्धा तास ठरतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. वर्गणीवर चालणारं वाडीचं मंडळ मंडप, दिवे आणि चषकच जेमतेम उभं करतं, त्यात पाहुण्यांची सोय कुठून करणार? अडचण खरी आहे. प्रीमियर लीगने २०१६-१७ च्या हंगामापासून पाहुण्या समर्थकाच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली, ती पैसेवाल्या क्लबांना परवडली. आपल्याकडे मात्र लागणाऱ्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. रत्नागिरीकडून येणारा जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरतो, दापोलीकडचा दाभोळहून धोपाव्याला. सामने लांबत गेले की त्याची शेवटची बोट चुकते आणि मग चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. म्हणून तो उपांत्य फेरी अर्धी टाकून उठतो आणि त्याचा संघ समर्थकांविना अंतिम सामना खेळतो. वेळापत्रक बदलायला वर्गणी लागत नाही.

येत्या उन्हाळ्यात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एवढंच मागणं आहे: खाडीपलीकडून आलेल्या संघांचे सामने आधी लावा, आणि पत्रिकेत बक्षिसाच्या रकमेखाली शेवटच्या फेरीबोटीची वेळही छापा.