नाव यादीत होते, तरी दार उघडेना
(चाचणीतल्या बायबल-अभ्यास अ‍ॅपविषयी)



गेल्या अंकात मी मोठ्या उत्साहाने कळवले होते की, या पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे आपले अकरा गटप्रमुख मोबाइलवरच्या एका नव्या मराठी बायबल-अभ्यास अ‍ॅपवरून आपापल्या पाड्यावर वर्ग घेतील. तेव्हापासून अनेकांनी फोन करून विचारपूस केली. काहींनी ते अ‍ॅप स्वतः शोधून पाहिले आणि "कुठेच सापडत नाही," असे कळवले. खरे सांगायचे तर पहिल्या महिन्यात अकरांपैकी तिघांनाच ते उघडता आले. असे का झाले, त्यात माझे काय चुकले आणि पुढे काय करावे, हे आपल्यापुढे ठेवतो.

अ‍ॅपची गरज का वाटली?

पाऊस लागला आणि नाले भरले की सातपुड्यातल्या पाड्यांवर मोटारसायकल जात नाही. त्या महिन्यांत उपासना आणि अभ्यासवर्ग गटप्रमुखांच्याच भरवशावर चालतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात. मराठी त्यांनी शाळेत शिकलेली आणि तीही काहींची चौथीपर्यंतच. या अ‍ॅपमध्ये मार्ककृत शुभवर्तमानाचे छोटे पाठ आहेत, उतारा ऐकता येतो आणि शेवटी प्रश्न असतात. मे महिन्याच्या शिबिरात मी ते माझ्या फोनवर सर्वांना दाखवले आणि बोलून गेलो, "आता मी आलो नाही तरी पाठ तुमच्या खिशात असेल." अ‍ॅप अजून चाचणीत आहे हे मला माहीत होते. त्याचा अर्थ मात्र मी नीट समजून घेतला नव्हता.

'बीटा' म्हणजे काय?

अ‍ॅप तयार करणारे लोक ते सर्वांसाठी खुले करण्याआधी थोड्या लोकांना वापरायला देतात. या टप्प्याला 'बीटा' म्हणतात. नव्या घराची भिंत उभी आहे, छप्परही पडले आहे, पण पावसात कुठे गळते ते अजून पाहायचे आहे, तसा हा प्रकार. आत येणारा माणूस पाहुणा नसतो. गळती दाखवण्यासाठी त्याला बोलावलेले असते.

अँड्रॉइड फोनवर ही चाचणी बंदिस्त ठेवता येते. बनवणाऱ्यांकडे परीक्षकांच्या जीमेल पत्त्यांची यादी असते. यादीतल्या माणसाला एक दुवा मिळतो, त्यावर जाऊन 'परीक्षक होण्यास तयार आहे' अशी संमती द्यावी लागते आणि मग प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप दिसते. प्ले स्टोअर त्याच जीमेल खात्यावर चालू असले पाहिजे. खाते वेगळे असेल तर अ‍ॅप सापडत नाही असा संदेश येतो. कारण सांगितले जात नाही. म्हणूनच आपल्यापैकी ज्यांनी नाव टाकून शोधले, त्यांना ते मिळाले नाही. आयफोनवर 'टेस्टफ्लाइट' नावाच्या अ‍ॅपमधून चाचणी होते आणि तिथे प्रत्येक चाचणी-आवृत्ती ९० दिवसांनी बंद पडते.

आमच्या पाड्यांवर काय घडले?

एका पाड्यावर स्त्रियांचा वर्ग घेणाऱ्या आपल्या एक भगिनी आहेत. घराजवळ रेंज नाही, म्हणून त्या दोनदा पावसात टेकडी चढून गेल्या. दोन्ही वेळा तोच संदेश. बाजाराच्या दिवशी धडगावला भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "दादा, माझं नाव यादीत घेतलं नाही का? मला नीट वाचता येत नाही म्हणून?"

हा प्रश्न ऐकून मी गप्प झालो. नाव लिहिलेले असणे किंवा नसणे याचा आपल्या विश्वासणाऱ्यांच्या मनात किती खोल अर्थ आहे, हे आपण जाणता. त्यांचे नाव यादीत होते. भाच्याने उघडून दिलेला जीमेल पत्ता त्यांनी शिबिरात लिहून दिला होता. फोनमध्ये मात्र मोबाइल दुकानातल्या मुलाने विकताना टाकलेले दुसरेच खाते चालू होते. दहा मिनिटांचे काम होते, पण ते आधी तपासायला हवे होते आणि तपासायचे मला होते.

आणखी तिघांची अडचण हीच निघाली. दोघांचे फोन इतके जुने होते की अ‍ॅप त्यांवर बसेना. उरलेल्या दोघांच्या फोनवर ते बसले, पण सुरू करताना लागणारा ओटीपी रेंजअभावी वेळेत पोहोचेना.

माझी मोठी चूक

कंटाळून मी एक आडवाट धरली. एका मित्राकडून त्या अ‍ॅपची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली आणि जुने फोन सोडून ज्यांचे अडले होते त्यांतल्या दोघा गटप्रमुखांना पाठवली. प्ले स्टोअरबाहेरची फाइल बसवताना फोन धोक्याची सूचना देतो. मी म्हणालो, "काही होत नाही, परवानगी द्या."

पुढच्याच आठवड्यात त्यांच्यापैकी एकाचा फोन आला. सरकारी योजनेचे पैसे मिळतील, असे सांगणारी एक फाइल त्यांना आली होती. "दादा, हीसुद्धा तशीच उघडू का?" अशा खोट्या फाइली फोनमधले संदेश आणि ओटीपी चोरतात आणि बँकेचे खाते रिकामे होते. त्यांनी विचारले म्हणून वाचले. ज्या खात्यात मजुरीचे पैसे येतात, त्याच्या दाराची कडी काढायला मीच शिकवले होते. मी दोघांची क्षमा मागितली, ती फाइल काढून टाकली आणि परवानगी बंद करून दिली.

मग हे अ‍ॅप सोडून द्यावे का?

रागाच्या भरात मलाही तसेच वाटले होते. पण अ‍ॅप उघडलेल्या तिघांपैकी एकाने एक गोष्ट दाखवली. 'दुसऱ्या' हा शब्द टाकून शोधले तर एकही वचन सापडत नव्हते. या शब्दातले 'ऱ्य' संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. मजकूर एका रीतीचा आणि फोनचा कीबोर्ड दुसऱ्या रीतीचा असला की शोध फसतो. आम्ही कळवल्यावर पुढच्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. मराठी वाचणाऱ्याशिवाय ती कोणाच्या लक्षात आली असती?

आपल्या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. १८११ साली सेरामपूर येथे विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने मराठी नवा करार छापला गेला आणि त्यानंतर मराठी शास्त्राची भाषा पुन्हा पुन्हा सुधारली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावला भाषांतरासाठी कित्येक वर्षे दिली. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल छापून आले १९२४ मध्ये. आजही आदिवासी भाषांत भाषांतर करणारे सेवक कच्चा मसुदा गावकऱ्यांना वाचून दाखवतात आणि "तुम्हाला काय समजले, ते सांगा," असे विचारतात. ऐकणारा अडखळला की वाक्य बदलतात. अ‍ॅपच्या चाचणीत आपण त्या ऐकणाऱ्याच्या जागी आहोत.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. हे अ‍ॅप काही तरुण विश्वासणारे आपल्या फावल्या वेळात व्यक्तिगत खात्यावरून तयार करीत आहेत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या अशा खात्यांना, अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागण्याआधी किमान १२ परीक्षकांची सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी पूर्ण करावी लागते, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. आपण चिडून मध्येच बाहेर पडलो तर त्यांचे काम लांबते.

आपण काय करू शकता?

पहिले, परीक्षक व्हायचे असेल तर प्ले स्टोअरमध्ये कोणते जीमेल खाते चालू आहे ते पाहून तोच पत्ता आमच्या कार्यालयाला कळवा. आलेला दुवा मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. यादीबाहेरच्यांना तो उपयोगी पडणार नाही आणि उगाच निराशा होईल.

दुसरे, कोणीही पाठवलेली अ‍ॅपची फाइल बसवू नका, मग ती माझ्या नावाने आलेली असली तरीही.

तिसरे, अडचण आली तर "चालत नाही" एवढेच लिहून थांबू नका. आपण काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि फोन कोणता, या चार गोष्टी कळवा. जमल्यास पडद्याचा फोटो जोडा.

चौथे, अभ्यासाच्या नोंदी वहीतही ठेवा. एका सुधारणेनंतर आमच्या एका गटप्रमुखाच्या तीन आठवड्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. चाचणीत असे होऊ शकते.

पाचवे, घरात वापरात नसलेला, पण सुस्थितीतला अलीकडचा फोन असेल तर आमच्या दोन गटप्रमुखांना त्याचा उपयोग होईल. देण्याआधी त्यातील आपली खाती आणि माहिती काढून टाका.

आजची स्थिती अशी की अकरांपैकी सात जणांकडे अ‍ॅप चालते. पण वर्ग त्यासाठी थांबवले नाहीत. मार्कच्या बारा पाठांच्या झेरॉक्स प्रती काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, बाजाराच्या दिवशी जीपने वर पाठवल्या. अकराही पाड्यांवर वर्ग चालू आहेत. टेकडी चढून गेलेल्या त्या भगिनी आता उतारा फोनवर ऐकवतात, पावरीत समजावून सांगतात आणि प्रश्न कागदावरून विचारतात. त्यांच्या वर्गाला मागच्या आठवड्यात चौदा स्त्रिया होत्या.

या गटप्रमुखांना आणि ते अ‍ॅप घडवणाऱ्या तरुणांना आपल्या प्रार्थनेत आठवावे, ही नम्र विनंती.