गाजर गवताचा सार्वजनिक हिशेब

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा येथे १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. मातीचे थर उलगडत गेले आणि ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जाणारी वसाहत प्रकाशात आली. योगायोग असा, की त्याच सुमारास, १९५५ साली, पुण्यात एका परक्या वनस्पतीची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी देशभर पसरले, असा सर्वसाधारण समज आहे. सरकारी धोरणावरील रोष म्हणा की पांढऱ्या टोपीसारख्या फुलांचे साम्य म्हणा, लोकांनी तिला 'काँग्रेस गवत' म्हटले. कोणी चटकचांदणी म्हटले, कोणी गाजर गवत. हजारो वर्षांच्या थरांवर गेल्या सत्तर वर्षांत जो सर्वांत वरचा हिरवा थर चढला, तो या गवताचा होय.

दक्षिण काशी म्हणून प्रकाशाची ख्याती आहे. केदारेश्वर व पुष्पदंतेश्वराच्या दर्शनाला आणि पितरांच्या विधींना दूरदूरचे लोक येथे येतात. अशा गावात नदीकाठ, देवळांची आवारे, शाळेचे पटांगण आणि रस्त्याच्या कडा हीच सर्वांची उद्याने होत. शहरातल्या बागेला निदान माळी असतो. या जागा मात्र सर्वांच्या असल्यामुळे कोणाच्याच नसतात, आणि गाजर गवताला नेमकी अशीच बेवारस जमीन मानवते. त्याचे एक झाड हजारोंनी बी धरते. ते बी वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकांना लागलेल्या चिखलाने पसरते आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. जनावरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत आणि लावलेच तर दूध कडवट होते. माणसांना त्याच्या स्पर्शाने त्वचारोग आणि परागांनी दमा जडतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे मर्म निराळे आहे. आपले शेत स्वच्छ ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे श्रम शेजारच्या पडीक बांधामुळे वाया जातात. उलट बांध पडीक ठेवणाऱ्याला त्याच्या आळसाची पूर्ण किंमत कधीच मोजावी लागत नाही. ती किंमत इतरांच्या नावावर चढते. तिचा सर्वांत मोठा वाटा कोण भरतो? जिच्या नावावर ना शेत आहे ना बांध, अशी निंदणीला जाणारी मजूर स्त्री. उघड्या हातांनी ती हे गवत उपटते आणि हाताला सुटलेली खाज मजुरीत कोणी मोजत नाही. गवताचा प्रश्न हा म्हणूनच सौंदर्याचा नसून न्यायाचा आहे.

केवळ कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. कर्नाटकाने १९७५ मध्येच या गवताला उपद्रवी तण म्हणून घोषित केले. गवताने ती घोषणा मनावर घेतली नाही. केवळ विज्ञानही पुरे पडत नाही. १९८४ मध्ये बंगळूर येथे मेक्सिकोतील भुंगे आणून सोडण्यात आले. ते केवळ हेच गवत आवडीने खातात आणि त्यांचा उपयोग निश्चितच होतो. पण त्यांचा भर पावसाळ्यात असतो, आणि गवत तर ओल मिळेल तेथे बारमाही उगवते. म्हणजे माणसांच्या हातांना पर्याय उरत नाही.

परंतु हात केव्हा लावायचा, याला महत्त्व आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह साजरा होतो. हेतू स्तुत्य आहे. मात्र जूनच्या पावसावर उगवलेले रोप महिना-दीड महिन्यात फुलावर येते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबणाऱ्याने गवत उपटले तरी बी पेरून झालेले असते. छायाचित्रापुरते श्रमदान करणाऱ्यांचे नेमके येथेच चुकते. पहिली उपटणी जुलैत, जमीन ओली व रोप कोवळे असताना, मुळासकट व्हावी. दुसरी त्यानंतर महिन्याने. फुलापूर्वी उपटलेल्या रोपांचे कंपोस्टही होते. मोकळ्या झालेल्या जागी पावसाच्या तोंडावर तरोट्याचे बी फेकावे. ज्याची कोवळी भाजी घराघरांत शिजते, तो तरोटा दाट वाढून गाजर गवताला जागाच देत नाही.

एकत्र श्रमाची कल्पना या मुलखाला नवी नाही. सातपुड्यातील आदिवासी समाजांत 'लाह' नावाची परस्पर श्रमाची रीत आहे. आज तुझ्या शेतावर सारे, उद्या माझ्या. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने १९९० च्या दशकाच्या आरंभापासून स्वतःच नियम करून, दंड ठरवून, आपले जंगल राखले. त्या कार्यासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे धडा उत्साहाचा नाही, नियमांचा आहे. ज्याने नियम केला त्यानेच तो पाळला, म्हणून जंगल टिकले.

तथापि लोकसहभाग या शब्दाचा अर्थ फुकटची मजुरी असा होता कामा नये. ज्याला रोजच्या रोजीवर घर चालवायचे आहे, त्याच्याकडून श्रमदानाची अपेक्षा करणे म्हणजे गरिबावर कर बसविणे होय. पगारदारांनी, विद्यार्थ्यांनी आणि दुकानदारांनी रविवारचे दोन तास द्यावेत. मजुरांना मात्र पंचायतीने रीतसर दाम आणि हातमोजे द्यावेत. कोणता काठ, कोणते आवार कोणत्या आळीकडे, याची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि पुढच्या वर्षी तिचा जाबही विचारला जावा. ज्याला या गवताची बाधा होते, त्याला उपटणीतून वगळून वही सांभाळण्याचे काम द्यावे.

एका वर्षात हे गवत जाणार नाही, कारण मातीत मागील अनेक वर्षांचे बी साठून आहे. गावाने इतके मात्र ठरवावे, की या साठ्यात यंदा नवी भर पडू द्यायची नाही. जुने कर्ज फेडण्याची सुरुवात नवे कर्ज थांबविण्यापासूनच होत असते.